परवानगी कोणाची? ब्रेक्झिटच्या गदारोळात अडकलेलं स्कॉटलंडचं दुसरं सार्वमत

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायची पद्धत असते. इथे तसं करण्यात अर्थ नाही. निकोला स्टर्जन यांना 'एका छोट्या देशाच्या महिला नेत्या' म्हटलं तरी वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळणारच. त्यामुळे राजकारण्यांची नावं आहेत तशी ठेवली आहेत आणि मतदार मात्र निनावी आहेत.

काळ जून २०१६ ते जुलै २०२४. या काळात स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्य मागणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे एसएनपी, अखंड सत्तेवर होती आणि २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत लंडनच्या आणि एडिनबरोच्या संसदेच्या प्रत्येक निवडणुकीत स्कॉटलंडपुरती पहिली आली. ब्रेक्झिटने तिच्या हाती आयतं कारण दिलं. समोरच्या हुजूर पक्षाने सहा वर्षांत पाच पंतप्रधान पाहिले. तरीही स्वातंत्र्यावरचं दुसरं सार्वमत झालं नाही. ते का झालं नाही आणि कुठल्या वळणावर काय ठरवलं गेलं, ते इथे पाहू.

पार्श्वभूमी

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संसदा १७०७ मध्ये एक झाल्या. एडिनबरोत पुन्हा स्कॉटिश संसद बसली ती थेट १९९९ मध्ये, १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने. या कायद्याची रचना आधी समजून घ्यायला हवी, कारण पुढे सगळ्यांचं घोडं तिथेच पेंड खातं. स्कॉटलंडकडे कोणते विषय असतील याची यादी त्यात नाही. लंडनने स्वतःकडे राखलेल्या विषयांची यादी आहे, पाचव्या परिशिष्टात, आणि उरेल ते स्कॉटलंडचं. शिक्षण, आरोग्य, पोलीस एडिनबरोकडे आले. राखीव यादीत संरक्षण, परराष्ट्र संबंध आणि चलन यांच्या बरोबरीने दोन छोट्या नोंदी होत्या: 'स्कॉटलंड आणि इंग्लंड या राज्यांचं एकीकरण' आणि 'युनायटेड किंग्डमची संसद'. कलम ३० नुसार दोन्हीकडच्या संसदांनी मान्यता दिली तर एखादा विषय या यादीतून बाहेर काढता येतो. दोन्हीकडच्या, हे महत्त्वाचं.

२०११ मध्ये एसएनपीला १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या. कोणालाही एकहाती बहुमत मिळणं अवघड जावं अशी तिथली निवडणूक पद्धत आहे, तरी मिळालं. जाहीरनाम्यात सार्वमत होतं. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी फारशी खळखळ न करता मान्यता दिली आणि १५ ऑक्टोबर २०१२ रोजी एडिनबरो करार झाला. त्यावर चार सह्या आहेत. कॅमेरन आणि त्यांचे स्कॉटलंडविषयक मंत्री मायकल मूर यांच्या दोन, स्कॉटिश सरकारचे प्रमुख ॲलेक्स सॅमंड यांची एक आणि त्यांच्या तेव्हाच्या उपप्रमुख निकोला स्टर्जन यांची एक. वाटाघाटींचं बरंचसं काम मूर आणि स्टर्जन यांनीच केलं होतं.

कॅमेरन इतके उदार का झाले? तेव्हाच्या मतचाचण्यांत स्वातंत्र्याला पाठिंबा एक तृतीयांशाच्या आसपास होता. आपण आरामात जिंकू आणि विषय एकदाचा मिटेल असा त्यांचा हिशेब होता. 'जास्त अधिकार द्या, पण वेगळं होणं नको' असा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नको, सरळ हो किंवा नाही विचारा, हा त्यांचा आग्रह. बदल्यात सॅमंड यांना तारीख ठरवायची मुभा आणि १६-१७ वर्षांच्या मुलांचा मताधिकार मिळाला. कलम ३० चा जो आदेश निघाला त्यावर मुदत होती: सार्वमत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत घ्यायचं. त्यानंतर अधिकार परत लंडनकडे. या मुदतीकडे त्या वेळी फार कोणी लक्ष दिलं नाही.

१८ सप्टेंबर २०१४ रोजी ८४.६ टक्के मतदान झालं. स्वातंत्र्याच्या बाजूने ४४.७ टक्के, विरोधात ५५.३ टक्के. ३२ पैकी ग्लासगो, डंडी, वेस्ट डनबार्टनशायर आणि नॉर्थ लॅनार्कशायर या चारच भागांनी 'हो' म्हटलं. प्रचारात 'हो'वाल्यांना घाम फुटला तो चलनाच्या प्रश्नावर. पौंड आपण वाटून वापरू असं सॅमंड म्हणायचे आणि अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी ते फेब्रुवारीतच साफ नाकारलं होतं. तेलाचं उत्पन्न मोजताना स्कॉटिश सरकारने पिंपाला ११० डॉलर धरले होते. २०१६ उजाडताच तो भाव ३० च्या खाली घसरला.

आणखी एक मुद्दा होता, जो पुढे उलटून आला. 'ब्रिटन सोडलंत तर युरोपीय संघही सुटेल, परत आत येणं महाकठीण' असं 'नाही'वाले सांगत होते. युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष बारोसो यांनीही त्याच सुरात मत दिलं होतं. अनेकांनी युरोपात राहायचं म्हणून ब्रिटनमध्ये राहायला मत दिलं.

मताधिकाराचा नियम आपल्याकडच्या लोकांनाही लागू पडत होता, म्हणून थोडं थांबतो. २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होतं. म्हणजे भारतीय पासपोर्ट असलेला ॲबरडीनमधला तेल कंपनीतला अभियंता किंवा एडिनबरोतली विद्यार्थिनी, दोघांनाही स्कॉटलंड स्वतंत्र असावं की नाही हे ठरवण्याचा हक्क होता. त्यांच्या पोलिश शेजाऱ्यालाही होता. दोन वर्षांनी ब्रेक्झिटच्या मतदानात भारतीयाचं मत कायम राहिलं, पोलिश शेजाऱ्याचं गेलं आणि १६-१७ वर्षांच्या मुलांचंही गेलं. कोणाला विचारायचं हे जो ठरवतो त्याच्या हातात बरंच काही असतं.

पेच

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनने ५१.९ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचं ठरवलं. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहायचं ठरवलं, आणि तेही ३२ च्या ३२ भागांत. एसएनपीच्या मे २०१६ च्या जाहीरनाम्यात नेमकी हीच अट होती: २०१४ नंतर परिस्थितीत मोठा बदल झाला, उदाहरणार्थ स्कॉटलंडला त्याच्या इच्छेविरुद्ध युरोपाबाहेर काढलं गेलं, तर पुन्हा सार्वमत मागण्याचा हक्क राहील. दुसऱ्याच दिवशी, तोवर सरकारप्रमुख झालेल्या स्टर्जन यांनी दुसरं सार्वमत आता 'अत्यंत संभाव्य' असल्याचं जाहीर केलं.

वरवर पाहता बाजी हातात आली होती. बारकाईने पाहिलं तर तीन गाठी होत्या.

पहिली कायद्याची. परवानगी लंडनची हवी. पण लंडन परवानगी कधी देतं? आपण जिंकणार याची खात्री असते तेव्हा. २०१२ मध्ये होती म्हणून दिली. 'हो'चा आकडा जितका वर जाईल तितकी परवानगीची शक्यता खाली येणार, हे गणित त्या करारातच दडलेलं होतं. आणि आकडा खाली असताना सार्वमत मागण्यात एसएनपीला रस नव्हता. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे, बाकीचं सगळं त्यातून फुटतं.

दुसरी गाठ मतदारांची. एडिनबरो शहराने २०१४ मध्ये ६१ टक्क्यांनी स्वातंत्र्याला नकार दिला आणि २०१६ मध्ये ७४ टक्क्यांनी युरोपात राहायला होकार दिला. हा 'ब्रिटनही हवं, युरोपही हवा' म्हणणारा सुखवस्तू मतदार आता आपल्याकडे वळेल असं एसएनपीला वाटलं. त्यातले काही वळलेही. पण दुसऱ्या टोकाला ईशान्येकडचा मोरे होता. तिथे 'राहा'ची आघाडी अवघी १२२ मतांची. मोरे, फ्रेझरबरो, पीटरहेड या मासेमारीच्या पट्ट्यात युरोपच्या मत्स्य धोरणावर जुना राग. स्वातंत्र्याला मत देणाऱ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांनी ब्रेक्झिटलाही मत दिलं होतं. 'लंडन नको' म्हणणाऱ्या या माणसाला 'मग ब्रसेल्स घ्या' असं सांगितल्यावर तो खूश होईल, ही अपेक्षा भाबडी होती.

तिसरी गाठ व्यवहाराची. स्कॉटलंडची सुमारे ६० टक्के निर्यात उर्वरित ब्रिटनला जाते, युरोपीय संघाला साधारण पाचवा हिस्सा. २०१४ मध्ये दोघंही युरोपच्या एकल बाजारपेठेत, म्हणजे जिथे माल देशोदेशी तपासणीविना फिरतो तिथे, राहणार होते, त्यामुळे इंग्लंडच्या हद्दीवर तपासणी नाकं येईल का हा प्रश्न फारसा टोचत नव्हता. ब्रेक्झिटनंतर स्वतंत्र स्कॉटलंड युरोपात गेला तर ती हद्दच युरोपीय संघाची बाहेरची सीमा होणार. स्वातंत्र्याचं कारण ब्रेक्झिटने बळकट केलं, स्वातंत्र्याची किंमतही त्यानेच वाढवली.

समोरचे पर्याय

एक, थांबायचं. ब्रेक्झिटच्या अटी ठरू द्यायच्या, पाठिंबा साठाच्या दिशेने नेऊ द्यायचा, मग मागणी करायची. पक्षात लाखभर सदस्य २०१४ नंतर नव्या जोशात आले होते. त्यांना 'थांबा' सांगणं सोपं नव्हतं.

दोन, मधला मार्ग. ब्रिटन बाहेर पडलं तरी त्याने, किंवा निदान स्कॉटलंडने, एकल बाजारपेठेत राहावं. डिसेंबर २०१६ मध्ये स्कॉटिश सरकारने तसा सविस्तर प्रस्ताव मांडला. माझ्या वाचनात तरी तो त्या काळातल्या कोणत्याही सरकारच्या ब्रेक्झिट कागदांपैकी सर्वांत विचारपूर्वक लिहिलेल्यांपैकी एक आहे.

तीन, कलम ३० चा आदेश मागायचा आणि नकार मिळाला की त्या नकाराचंच भांडवल करायचं.

चार, परवानगीशिवाय एडिनबरोच्या संसदेत कायदा करायचा आणि न्यायालयात काय होतं ते पाहायचं. सार्वमत केवळ सल्ल्यापुरतं असेल, त्याने एकीकरण आपोआप मोडत नाही, मग तो राखीव विषय कसा, असा युक्तिवाद शक्य होता.

पाच, निवडणुकीलाच सार्वमत मानायचं.

सहावा पर्याय कॅटलोनियाचा. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तिथे न्यायालयाने मनाई केलेलं मतदान झालं आणि पोलिसांच्या लाठ्या साऱ्या जगाने पाहिल्या. स्टर्जन यांनी हा मार्ग कधीच मनावर घेतला नाही. कायदेशीरपणावर शंका असलेलं मतदान युरोप मानणार नाही आणि युरोपाने मानलं नाही तर सगळंच मुसळ केरात, हा त्यांचा हिशेब बरोबर होता.

काय केलं

आधी दुसरा पर्याय वापरून पाहिला. नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी जुलै २०१६ मध्ये एडिनबरोला येऊन स्कॉटलंडचं ऐकून घेण्याची तयारी दाखवली होती. १७ जानेवारी २०१७ च्या लँकेस्टर हाउसमधल्या भाषणात त्यांनी एकल बाजारपेठ सोडणार असल्याचं जाहीर केलं आणि तो प्रस्ताव तिथेच संपला. आठवडाभरात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: ब्रेक्झिटची प्रक्रिया सुरू करायला स्कॉटिश संसदेची संमती कायद्याने आवश्यक नाही. संमती घेण्याचा संकेत आहे, पण तो राजकीय संकेत आहे.

पहिला मोठा निर्णय १३ मार्च २०१७ चा. स्टर्जन यांनी बूट हाउस या अधिकृत निवासस्थानी जाहीर केलं की २०१८ च्या शरद ऋतूपासून २०१९ च्या वसंतापर्यंतच्या काळात सार्वमत हवं. तीन दिवसांत मे यांचं उत्तर आलं: ही वेळ नव्हे. २८ मार्चला एडिनबरोच्या संसदेने ग्रीन पक्षाच्या मदतीने ६९ विरुद्ध ५९ मतांनी मागणीला पाठिंबा दिला, दुसऱ्या दिवशी मे यांनी युरोपीय संघाला बाहेर पडण्याची रीतसर नोटीस दिली. त्याच आठवड्यातलं स्टर्जन यांचं एक छायाचित्र खूप फिरलं. सोफ्यावर पाय वर घेऊन त्या कागद हातात धरून बसल्यात, मे यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा तपासतायत. छायाचित्र त्यांच्याच कार्यालयाने दिलं होतं. निवांतपणा दाखवायचा होता. पण मतचाचण्यांत 'हो' अजून पन्नासच्या खालीच होतं. जून २०१६ नंतर काही दिवस आकडा पन्नाशी ओलांडून गेला होता, पण मग होता तिथे आला.

१८ एप्रिलला मे यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. ब्रिटनभर ती निवडणूक ब्रेक्झिटवर झाली, स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या सार्वमतावर. रूथ डेव्हिडसन यांच्या नेतृत्वाखाली हुजूर पक्षाने एकच गोष्ट घरोघरी सांगितली: दुसरं सार्वमत नको. एसएनपी ५६ वरून ३५ जागांवर आली, पाच लाखांच्या आसपास मतं गेली. हुजूर पक्ष एका जागेवरून १३ वर गेला. मोरेमध्ये एसएनपीचे लंडनमधले गटनेते अँगस रॉबर्टसन पडले, गॉर्डनमध्ये खुद्द सॅमंड पडले. जूनअखेरीस स्टर्जन यांनी सार्वमताचं वेळापत्रक मागे घेतलं.

त्यानंतरच्या दोन वर्षांकडे अभ्यासकांचं दुर्लक्ष होतं, पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटतात. मे यांचं बहुमत गेलं होतं. लंडनची संसद त्रिशंकू होती आणि ब्रेक्झिट करार तिथे वारंवार आपटत होता. एसएनपीच्या ३५ मतांना पहिल्यांदाच बाजारभाव होता. ऑगस्ट २०१९ मध्ये मजूर पक्षाचे जॉन मॅकडोनेल यांनी एडिनबरोत उघडपणे सांगितलं की स्कॉटिश संसदेने मागणी केली तर मजूर सरकार सार्वमत अडवणार नाही. पुढच्या महिन्यात, मे यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित केली ती बेकायदा असल्याचा निकाल आधी स्कॉटलंडच्या न्यायालयाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायम केला. जॉन्सन कोंडीत सापडले होते. नेमकं तेव्हा एसएनपीने लिबरल डेमोक्रॅट्सच्या जोडीने लवकर निवडणुकीचा आग्रह धरला. १२ डिसेंबर २०१९ रोजी एसएनपीला ५९ पैकी ४८ जागा मिळाल्या, जल्लोष झाला. पण जॉन्सन यांनाही ८० चं मताधिक्य मिळालं आणि एसएनपीच्या ४८ मतांची लंडनमधली किंमत शून्यावर आली. आठवड्याभरात स्टर्जन यांनी कलम ३० ची मागणी पाठवली. १४ जानेवारी २०२० ला नकार आला, 'पिढीत एकदाच' या तुमच्याच जुन्या शब्दांची आठवण करून देऊन.

मग करोना. सार्वमताची तयारी बाजूला ठेवली गेली आणि गंमत म्हणजे तेव्हाच पाठिंबा वाढला. रोज दुपारी टीव्हीवर स्टर्जन शांतपणे माहिती देत होत्या, तिकडे जॉन्सन यांचा गोंधळ चालू होता. ऑक्टोबर २०२० मध्ये एका मोठ्या चाचणीत 'हो' ५८ टक्क्यांवर गेलं. पण त्या वेळी मतदान घेणं अशक्य होतं. मे २०२१ मध्ये एसएनपीला ६४ जागा मिळाल्या, बहुमताला एक कमी. ग्रीनच्या ८ धरून स्वातंत्र्यवादी ७२. जनादेश होता. परवानगी नव्हती.

२८ जून २०२२ रोजी स्टर्जन यांनी तारीखच जाहीर केली: १९ ऑक्टोबर २०२३. विधेयक तयार होतं, पण स्कॉटिश संसदेत सरकारी विधेयक मांडताना मंत्र्याला ते अधिकारकक्षेत असल्याचं निवेदन करावं लागतं. सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकारी, लॉर्ड ॲडव्होकेट डोरोथी बेन, यांना तशी पुरेशी खात्री वाटत नव्हती. म्हणून विधेयक मांडण्याआधीच त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयाला विचारलं. ही फट स्कॉटलंड कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात होती.

पुढचे चार महिने ब्रिटनच्या राजकारणात एकावर एक भिंती कोसळत होत्या. स्टर्जन यांना नकाराचं पत्र जॉन्सन यांनी पाठवलं ६ जुलैला, आणि दुसऱ्या दिवशी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या जागी येऊ पाहणाऱ्या लिझ ट्रस यांनी प्रचारसभेत सांगितलं की स्टर्जन लक्ष वेधून घेणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करणंच उत्तम. सप्टेंबरमध्ये राणी एलिझाबेथ यांचं स्कॉटलंडमधल्याच बालमोरलला निधन झालं. २३ सप्टेंबरला ट्रस सरकारचं ते कुप्रसिद्ध मिनी बजेट आलं, पौंड कोसळला. ११ आणि १२ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा दिला.

यातला १७ ऑक्टोबर हा एक दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. त्या दिवशी लंडनमध्ये नवे अर्थमंत्री जेरेमी हंट मिनी बजेटमधले बहुतेक निर्णय एकेक करून मागे घेत होते. 'लंडनच्या हातात अर्थव्यवस्था सुरक्षित' हा २०१४ चा दावा उघड्यावर पडला होता. त्याच दिवशी एडिनबरोत स्टर्जन यांनी स्वतंत्र स्कॉटलंडच्या अर्थव्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध केला. आणि त्यात काय होतं? स्वातंत्र्यानंतर सुरुवातीला पौंडच वापरायचा, स्वतःचा स्कॉटिश पौंड योग्य वेळ आल्यावर. इंग्लंडशी जोडणाऱ्या दोन मुख्य मार्गांवर मालाची तपासणी करावी लागेल, हेही मान्य केलं होतं. पत्रकारांचे प्रश्न साहजिकच चलन आणि नाक्यावर वळले. ज्या पौंडाची त्या महिन्यात लाज निघाली होती, तोच आम्ही व्याजदरावर काडीचाही ताबा नसताना वापरू, हे सांगायची वेळ स्टर्जन यांच्यावर आली. तो आराखडा प्रामाणिक होता, एवढं म्हणायला हवं. पण आठ वर्षं मिळूनही चलनाचं उत्तर पुढे सरकलं नव्हतं.

निकाल

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की स्कॉटिश संसदेला असं सार्वमत घेण्याचा अधिकार नाही. सार्वमत सल्ल्यापुरतं असलं तरी त्याचे राजकीय परिणाम मोठे होतील. त्यामुळे ते एकीकरण आणि ब्रिटिश संसद या राखीव विषयांशी निगडित आहे. एसएनपीने मांडलेला स्वयंनिर्णयाचा मुद्दाही मान्य झाला नाही. त्यासाठी न्यायालयाने कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या क्युबेकविषयक मताचा आधार घेतला: वसाहती आणि दडपलेल्या जनतेसाठीचा तो हक्क स्कॉटलंडला लागू होत नाही.

त्याच दिवशी स्टर्जन यांनी जूनमध्येच सूचित केलेला पाचवा पर्याय पुन्हा जाहीर केला. पुढची ब्रिटिश सार्वत्रिक निवडणूक हेच सार्वमत. काही आठवडे चाचण्यांत 'हो' पन्नाशीच्या वर गेलं. पण पक्षातच कुरबुर सुरू झाली, आणि ती रास्त होती. निम्म्याहून जास्त मतं कशी आणणार? २०१५ च्या लाटेतही एसएनपी जेमतेम पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. शिवाय ब्रिटिश निवडणुकीत तेव्हा १६-१७ वर्षांच्या मुलांना मत नव्हतं, बहुतेक युरोपीय नागरिकांनाही नव्हतं. म्हणजे आपलेच मतदार बाहेर ठेवून आपलं सार्वमत घ्यायचं.

यावर निर्णय घेण्यासाठी मार्च २०२३ मध्ये खास अधिवेशन ठरलं होतं. मधेच लिंगओळख बदलण्याच्या कायद्यावरून वादळ उठलं. लंडनने स्कॉटलंड कायद्यातलं कलम ३५ पहिल्यांदाच वापरून तो अडवला आणि पक्षातली फूट उघड झाली. १५ फेब्रुवारीला स्टर्जन यांनी राजीनामा जाहीर केला, अधिवेशन पुढे ढकललं गेलं. नेतृत्वाच्या लढतीदरम्यान कळलं की सदस्यसंख्या ७२,१८६ वर आली आहे. पक्षनिधीची पोलीस चौकशी, नवे नेते हमझा युसुफ यांची वर्षभराची कारकीर्द, ग्रीनशी काडीमोड, मग नेतेपदी जॉन स्विनी. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत एसएनपीच्या जाहीरनाम्याची पहिलीच ओळ स्वातंत्र्याची होती. ५७ पैकी ९ जागा मिळाल्या, ३० टक्क्यांच्या आसपास मतं.

गंमत अशी की त्याच उन्हाळ्यात स्वातंत्र्याचा पाठिंबा चाचण्यांत ४५ ते ५० च्या पट्ट्यातच होता. पक्ष कोसळला, मागणी जागच्या जागी राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

मार्च २०१७ ची घोषणा सगळ्यात जास्त टीकेची धनी झाली आणि ती टीका मला पटते, पण नेहमीच्या कारणासाठी नाही. घाई झाली असं म्हणतात. घाईपेक्षा मोठी अडचण ही होती की ब्रेक्झिट कसला असणार हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. मतदाराला 'ब्रिटनचा ब्रेक्झिट की युरोपातलं स्वतंत्र स्कॉटलंड' अशी निवड द्यायची, तर निदान पहिला पर्याय कसा दिसतो ते समोर यायला हवं होतं. मागणी मांडून हात राखता आला असता, तारखेची चौकट कशाला? ती चौकट रूथ डेव्हिडसन यांच्या हाती कोलीत ठरली. स्टर्जन यांची बाजूही समजते: एकदा बाहेर पडल्यावर परत आत येणं वर्षानुवर्षांचं काम, म्हणून बाहेर पडण्याआधी विचारायला हवं. पण परवानगीच मिळणार नसेल तर ही सोय कागदावरच राहते.

२०१९ ची शरद ऋतूतली निवडणूक ही माझ्या मते खरी हुकलेली संधी. त्रिशंकू संसदेत किंमत वसूल करायची सोडून जागा वाढवायचा मोह झाला. अर्थात मजूर पक्षाचं सरकार बनलंच असतं आणि मॅकडोनेल यांचा शब्द पाळला गेलाच असता, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. त्यांच्याच पक्षाच्या स्कॉटिश शाखेला तो शब्द रुचला नव्हता. तरी ३५ जागा आणि त्रिशंकू संसद ही ४८ जागा आणि जॉन्सन यांच्या बहुमतापेक्षा बरी स्थिती होती.

न्यायालयात जाण्यावर मतं दोन आहेत. 'हात दाखवून अवलक्षण' असं म्हणणारे सांगतात की जोवर प्रश्न अनिर्णित होता तोवर लंडनला थोडी तरी धास्ती होती, निकालाने ती गेली. २०२१ मध्ये एका नागरिकाने हाच प्रश्न स्कॉटलंडच्या न्यायालयात नेला होता, तेव्हा 'आधी विधेयक तर येऊ द्या' म्हणून न्यायालयाने त्यावर मत देणं टाळलं होतं. ती संदिग्धता टिकवता आली असती. मला ते पटत नाही. कार्यकर्त्यांना दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' सांगत राहणं हेही एक प्रकारचं अवलक्षणच होतं. मात्र निकाल विरोधात गेल्यावर त्याच दिवशी, पक्षाला आधी न विचारता, निवडणुकीचं सार्वमत करून टाकणं टाळायला हवं होतं.

आणि मूळ दुवा २०१२ चा. उत्तर आयर्लंडसाठीच्या १९९८ च्या कायद्यात संयुक्त आयर्लंडवर मतदान कधी घ्यायचं याची तरतूद आहे: बहुमत वेगळं होण्याच्या बाजूने असण्याची शक्यता ब्रिटिश मंत्र्याला दिसली तर त्याने मतदान घ्यायलाच हवं, आणि दोन मतदानांत किमान सात वर्षांचं अंतर हवं. एडिनबरो करारात असं काहीच नव्हतं. सॅमंड यांनी तारीख आणि किशोरवयीनांचा मताधिकार मिळवला, पण पुन्हा मत घ्यायचं झाल्यास ते कोणत्या अटीवर, याबद्दल एक ओळही लिहून घेतली नाही. तेव्हा कॅमेरन निश्चिंत होते. काही पदरात पाडून घ्यायचं तर तीच वेळ होती. 'हो'वाले हरले तर काय, हा विचार विजयाची स्वप्नं रंगवताना कोणाला करवत नाही हे खरं, पण वाटाघाटींच्या टेबलावर बसणाऱ्याचं ते कामच असतं. तशी ओळ असती तरी सगळं सुरळीत झालं असतं असं नाही. उत्तर आयर्लंडच्या कायद्यातही 'शक्यता' कशाने मोजायची, चाचण्यांनी की निवडणुकीतल्या मतांनी की जागांनी, हे सांगितलेलं नाही, आणि बेलफास्टमध्ये त्यावर आजही वाद चालतो. पण तिथे निदान वाद कसोटीवर चालतो. एडिनबरोत तो अजून परवानगीवरच आहे, आणि कीर स्टार्मर यांच्या मजूर सरकारनेही ती परवानगी द्यायला नकारच दिला आहे.